पंचवीस टक्के जागा आणि आपले विद्यालय

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लिहावयाचे म्हटले की लेखणी आठवणींकडे ओढ घेते. पहाटेची वंदना, भोजनगृहातील ताटांचा आवाज, दिवाळीच्या सुटीत घरी निघालेल्या पत्र्याच्या पेट्या, अधीक्षक सरांची करडी नजर हे सारे माजी विद्यार्थ्यांनी यापूर्वी अनेकदा लिहिले आहे आणि या अंकातही ते असेलच. आम्ही मात्र या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार मांडू इच्छितो. गेली काही वर्षे तो पालक सभेत आणि विश्वस्तांच्या बैठकीत वेगवेगळ्या शब्दांत पुढे येत आहे. पालक विचारतात, "मुलाला इथे वसतिगृहात ठेवावे, की पंचवीस टक्क्यांतून शहरातल्या इंग्रजी शाळेत नंबर लागतो का ते आधी पाहावे?" विश्वस्तांपैकी काहीजण विचारतात, "आपल्या संस्थेला अल्पसंख्याक दर्जा मिळू शकतो; मग पंचवीस टक्क्यांचा भार आपण का उचलावा?" दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच मूळ प्रश्न आहे. सरकारने पैसे भरून गरिबाचे मूल खासगी शाळेत पाठविले, तर त्या मुलाचे आणि त्याच्या भोवतीच्या मुलांचे नेमके काय होते?

आम्ही म्हणजे या विद्यालयात वाढलेले काही माजी विद्यार्थी. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, कोणी बँकेत, कोणी तहसील कार्यालयात. प्रवेशाचा हंगाम आला की आम्ही आमच्या वस्तीतील विहारात टेबल मांडतो आणि पालकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. त्यामुळे हा विषय आमच्यासाठी केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

शासनाने शाळेला पैसे देण्याऐवजी पालकाच्या हाती एक हुंडी द्यावी, पालकाने ती आपल्या पसंतीच्या शाळेत वटवावी, या कल्पनेला जगभर व्हाउचर म्हणतात. मिल्टन फ्रीडमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५५ साली ती मांडली. आपल्याकडे हुंडी प्रत्यक्ष हातात पडत नाही. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम १२ (१) (क) हे तिचेच भावंड आहे. विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाच्या आणि शासनाने त्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती करावयाची. महाराष्ट्रात अशा एक लाखाच्या आसपास जागा असतात, अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात आणि निवड सोडतीने होते. अलीकडच्या वर्षांत शासनाचा प्रतिपूर्तीचा दर प्रतिविद्यार्थी वार्षिक १७,६७० रुपये राहिला आहे.

आपल्या समाजाला हा वाद नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याच्या तत्कालीन पद्धतीचा परखड समाचार घेतला होता. ज्यांना अजून शिक्षणाची गोडी लागलेली नाही अशा गरीब लोकांत ही पद्धत उपयोगाची नाही; तिथे स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून कोणाचे पोट भरणार नाही, म्हणून सरकारी शाळा आणि विशेष उत्तेजन हवे, असा त्यांचा आशय होता. पैसा निकालामागे धावू लागला की तो कोणाच्या दारापर्यंत पोहोचणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शिक्षणावरील तुटपुंज्या खर्चाकडे लक्ष वेधले आणि या गतीने सगळी मुले शाळेत यावयास ४० वर्षे आणि सगळ्या मुली यावयास ३०० वर्षे लागतील, हा हिशेब सभागृहापुढे ठेवला.

याच बाबासाहेबांच्या दोन कृती आम्हांला या विषयात दीपस्तंभासारख्या वाटतात. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांच्या आग्रहामुळे १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आमच्या पिढीत तिला सगळे 'जीओआय' म्हणत. विद्यार्थी ज्या महाविद्यालयात जाईल तिथे ही शिष्यवृत्ती त्याच्याबरोबर जाई. म्हणजे एका अर्थाने ती हुंडीच होती. शिष्यवृत्ती मिळवून दिली, आता मुले कुठेही शिकतील, असे म्हणून बाबासाहेबांना थांबता आले असते. पण पुढच्याच वर्षी, ८ जुलै १९४५ रोजी, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, १९५० मध्ये औरंगाबादेत पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय आले. विद्यार्थ्याच्या हातात पैसा हवा आणि पाय रोवून उभे राहता येईल अशी शाळाही हवी, या दोन गोष्टींची त्यांनी कधी गल्लत केली नाही आणि एकीसाठी दुसरीला सोडलेही नाही. आमच्या सांगण्याचा गाभा एवढाच आहे. पुढे जे अनुभव आणि अभ्यास मांडत आहोत, ते याच कसोटीवर पाहावेत.

व्हाउचरच्या परिणामांचा भारतातील सर्वांत काटेकोर अभ्यास तत्कालीन आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अभ्यासकांनी पाच जिल्ह्यांतील १८० गावे घेतली. त्यांतील निम्म्या गावांत व्हाउचर द्यावयाचे हे सोडतीने ठरले, आणि त्या गावांतही अर्ज केलेल्या मुलांपैकी कोणाला मिळावे हे पुन्हा सोडतीनेच ठरले. त्यामुळे सुबत्ता, हुशारी किंवा ओळख यांचा प्रभाव बाजूला राहिला. चार वर्षांनी मुलांची चाचणी झाली, तेव्हा व्हाउचर मिळून खासगी शाळेत गेलेली मुले आणि न मिळालेली मुले यांच्या तेलुगू व गणितातील प्रगतीत फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खासगी शाळांतील मुले स्पष्टपणे पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळांत त्या वयात हिंदी शिकवलीच जात नव्हती. खासगी शाळा तेलुगू आणि गणिताला कमी वेळ देत, उरलेला वेळ इतर विषयांना देत. सरकारी शाळांत मागे राहिलेल्या मुलांचे, किंवा खासगी शाळेत आधीपासून असलेल्या मुलांचे, यामुळे नुकसान झाल्याचे दिसले नाही. आणि या खासगी शाळांचा प्रतिविद्यार्थी खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता.

या निष्कर्षांतून प्रत्येक पक्षाने आपल्या सोयीचा तुकडा उचलला. एक म्हणाला, एवढ्या कमी पैशांत तेवढेच शिक्षण मिळते, तर सरकारी शाळा हव्यात कशाला? दुसरा म्हणाला, भाषा आणि गणितात काहीच फरक पडत नाही, तर हा खटाटोप कशाला? आम्हांला त्यातील दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की, खासगी शाळांची स्वस्ताई बहुतांशी शिक्षकांच्या वेतनातून आलेली असते. सरकारी शिक्षकाच्या तुलनेत तिथल्या शिक्षिकेच्या हाती कितीतरी कमी पडते. आपल्याच विद्यालयात शिकून डी.एड. झालेल्या किती मुली आज जिल्ह्यातील खासगी शाळांत अशा वेतनावर उभ्या आहेत, हे आपण सारे जाणतो. एका गरिबाच्या मुलाला स्वस्तात शिकवण्याचा खर्च दुसऱ्या गरिबाच्या मुलीने सोसावा, हा हिशेब कोणत्याही अहवालात बचत म्हणून दाखविण्यापूर्वी दोनदा तपासला पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, त्याच अभ्यासातील एका निरीक्षणानुसार, तेलुगू माध्यमाच्या खासगी शाळांत गेलेल्या मुलांचा अनुभव इंग्रजी माध्यमात गेलेल्यांपेक्षा बरा असावा असे दिसते. अभ्यासकांनी हे ठाम निष्कर्ष म्हणून मांडलेले नाही. पण घरी ज्या भाषेचा आधार मिळू शकत नाही, त्या भाषेत मुलाला एकदम उतरविणे सोपे नसते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

देशाबाहेरचे दोन अनुभवही या संदर्भात बोलके आहेत. कोलंबियात १९९१ पासून काही वर्षे शहरी गरीब मुलांना माध्यमिक शिक्षणासाठी व्हाउचर दिले गेले आणि जिथे मागणी अधिक होती तिथे सोडत काढली गेली. तीन वर्षांनी पाहता, सोडतीत नाव निघालेल्या मुलांत आठवी पूर्ण करण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे दहा टक्के गुणांनी अधिक होते. हे यश दुर्लक्षिण्यासारखे नाही. चिली या देशाने तर १९८१ पासून साऱ्या देशालाच व्हाउचर लागू केले. तिथे मध्यमवर्ग सरकारी शाळांतून बाहेर पडला, शाळांनी आपल्याला हवे ते विद्यार्थी निवडले, पालकांकडून वरकड शुल्क घेतले, आणि देशाचा सरासरी शैक्षणिक दर्जा त्यामुळे वाढल्याचा पुरावा अभ्यासकांना सापडला नाही. अखेर २००८ मध्ये गरीब मुलांसाठी अधिक रकमेची तरतूद करावी लागली, आणि २०१५ च्या कायद्याने निवड, नफा आणि वरकड शुल्क या तिन्हींना आवर घालण्याचा मार्ग धरावा लागला. दोन्ही देशांत पैसा विद्यार्थ्यामागे गेला. पण एका ठिकाणी सोडत होती आणि लाभ गरिबांपुरता ठेवला होता. दुसऱ्या ठिकाणी शाळेने मूल निवडले. निकालातील अंतर समजून घेताना हा भेद विसरता येत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. विहारातील आमच्या टेबलासमोर येणारा पालक पहिल्यांदा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, भाडेकरार यांच्या फेऱ्यात सापडतो. अनुसूचित जातीच्या मुलाला उत्पन्नाची अट नाही, हे कित्येकांना ठाऊक नसते आणि ते विनाकारण तहसीलच्या खेपा घालतात. नकाशावर घराची खूण थोडी चुकली तरी अंतर बदलते आणि शाळांची यादीच पालटते. सोडतीचा निरोप मोबाइलवर येतो. ज्याचा क्रमांक मधल्या काळात बदलला त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही. म्हणजे हुंडी सर्वांसाठी असली, तरी ती वटविण्यासाठी लागणारी माहिती, वेळ आणि कागद सर्वांकडे सारखे नसतात. कचरावेचक, वीटभट्टी कामगार, ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणारी कुटुंबे या टेबलापर्यंत क्वचितच येतात. ज्यांच्यासाठी कायदा झाला त्यांच्यातील थोडे वर चढलेलेच आधी दार गाठतात, हे आम्हांला मान्य करावे लागते.

प्रवेश मिळाल्यावर दुसरा अध्याय सुरू होतो. शिकवणी शुल्क माफ असते. पण पुस्तके, गणवेश, बूट, व्हॅन, स्नेहसंमेलनाचा पोशाख यांची यादी हाती पडते. एका शाळेत पंचवीस टक्क्यांतील मुलांची हजेरी स्वतंत्र घेतली जाते असे पालकांनी सांगितले, तेव्हा आम्ही तिथे जाऊन मुख्याध्यापकांना भेटलो. नंतर ती पद्धत थांबली. पण त्या सहा वर्षांच्या मुलांना आपण कोणत्या यादीतले आहोत हे तोवर कळून चुकले होते. याच्या उलट अनुभवही आहेत. आमच्या वस्तीतील एका रिक्षाचालकाचा मुलगा अशाच जागेवरून शिकला. त्याच्या वर्गशिक्षिकेने त्याला चार वर्षे शाळा सुटल्यावर वाचायला बसविले, आणि आज तो आत्मविश्वासाने पुढच्या शिक्षणाची तयारी करीत आहे. कायदा दोन्ही मुलांसाठी एकच होता. एका मुलाच्या वाट्याला यादी आली, दुसऱ्याच्या वाट्याला शिक्षिका.

या सरमिसळीने इतर मुलांचे नुकसान होते, अशी कुजबुज संपन्न पालकांत नेहमी ऐकू येते. तिला गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीतील खासगी शाळांच्या अभ्यासाने चांगले उत्तर दिले आहे. गरीब मुलांबरोबर एका वर्गात शिकल्यामुळे श्रीमंत मुले अधिक उदार झाली आणि गरिबांशी भेदभाव करण्याचे त्यांचे प्रमाण कमी झाले. इंग्रजीच्या गुणांत अल्पशी घट दिसली, हिंदी आणि गणितात नाही. एका बाकावर बसण्याचा असा परिणाम गुणपत्रिकेच्या रकान्यात मावत नाही. पण ज्या समाजाने वर्गाबाहेर बसून शिकण्याचे दिवस पाहिले आहेत, त्याला त्याचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरा आणि सर्वांत अवघड अध्याय आठवीनंतरचा. कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंत. नववीत पाऊल ठेवताना पूर्ण शुल्काची मागणी पुढे येते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी याच कारणाने आपल्या विद्यालयात दाखल झाली. आठ वर्षे इंग्रजी माध्यमात शिकलेली, हस्ताक्षर मोत्यासारखे. पण इंग्रजीत स्वतःचे चार विचार लिहिताना ती अडखळे आणि मराठी परिच्छेद वाचताना घाम फुटे. आपल्या शिक्षकांनी तिला सहा महिने संध्याकाळच्या अभ्यासिकेत मराठी आणि गणित नव्याने शिकविले. ती दहावी उत्तीर्ण झाली. पण तिने आम्हांला विचारलेला प्रश्न आजही अनुत्तरित आहे: "सर, नववीत शाळा सोडावी लागणार हे पहिलीत कोणाला माहीत नव्हते का?"

शासनाच्या बाजूनेही या व्यवस्थेची मुळे फारशी खोल नाहीत. शाळांची प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकते, म्हणून शाळा नाखूश असतात आणि त्या नाखुशीचे चटके मुलांना बसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या विनाअनुदानित शाळेला या तरतुदीतून वगळले. त्या वर्षी सुरुवातीला आमच्या टेबलासमोर जेमतेम काही पालक आले, कारण यादीत खासगी शाळाच उरल्या नव्हत्या. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि रांग पुन्हा विहाराच्या फाटकापर्यंत गेली. जुलैमध्ये न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला, सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. हक्क वाचला याचा आनंद आहेच. पण जो हक्क एका अधिसूचनेने काही महिने दिसेनासा होऊ शकतो, त्याच्यावर एका पिढीचे सारे भवितव्य सोपविणे शहाणपणाचे नाही, हाही धडा त्या उन्हाळ्याने दिला.

निवासी शिक्षणाच्या क्षेत्रातही अशीच हुंडी आली आहे. केंद्र शासनाची 'श्रेष्ठ' योजना २०२२-२३ पासून अनुसूचित जातीच्या सुमारे तीन हजार विद्यार्थ्यांना दरवर्षी नववी आणि अकरावीत नामांकित खासगी निवासी शाळांत पाठविते. निवड राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेने होते आणि वर्षाला एक लाखाहून अधिक शुल्क शासन भरते. आपल्या मुलांनी ही परीक्षा अवश्य द्यावी, त्यासाठी आपण तयारीही करून घ्यावी. मात्र परीक्षेने निवडलेले मूल पुढे यशस्वी झाले, तर त्यात शाळेचा वाटा किती आणि मुलाचा स्वतःचा किती, हे सांगता येत नाही. आपल्या विद्यालयाने मात्र आरंभापासून जो आला त्याला घेतले. त्या परंपरेत वाढलेल्या आम्हांला हा फरक विसरून चालणार नाही.

या साऱ्याच्या आधारे पालकांना आमचे सांगणे असे. पंचवीस टक्क्यांची जागा हा उपकार नाही, हक्क आहे. तो जरूर घ्यावा. पण शाळेचे नाव पाहण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: मुलाच्या घरच्या भाषेला तिथे किती जागा आहे, आठवीनंतर काय, आणि पंचवीस टक्क्यांतील मागच्या वर्षांची मुले आज कुठे आहेत. जिल्हा परिषदेची शाळा जवळ असेल आणि तिथले शिक्षक मन लावून शिकवीत असतील, तर इंग्रजी पाटीच्या मोहाने ती सोडू नये. आंध्रच्या अभ्यासाने याला आधारच दिला आहे.

विश्वस्त मंडळापुढे आमची विनंती अधिक स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ आणि २०१४ च्या निकालांमुळे अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना या तरतुदीतून सूट आहे. बौद्ध संस्था म्हणून आपण ती मागू शकतो. आमचे मत असे की, आपण ती वापरू नये. प्रतिपूर्ती उशिरा येते, वसतिगृहाचा खर्च तीत धरलेला नसतो, आणि त्यामुळे दरवर्षी खड्डा पडेल, हे आम्ही जाणतो. तो भरून काढण्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी एक कायम निधी उभारावा, आणि त्यातून पहिल्यांदा नववी-दहावीचे शुल्क द्यावे, म्हणजे आपल्याकडे पहिलीत आलेले मूल पैशापायी आठवीत थांबणार नाही. त्याचबरोबर प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक मुलाला काय वाचता येते याची नोंद ठेवावी आणि दरवर्षी ती पुन्हा पाहावी. दहावीच्या निकालाचा फलक सारेच लावतात. मूल कुठून निघाले आणि कुठवर आले, हे सांगणारी वही फार थोड्या शाळांकडे असते. ती आपल्याकडे असावी.

आम्ही या आवारात आलो तेव्हा आमच्यामागे शिष्यवृत्तीचे पैसे होते, आणि ते नसते तर आम्ही आलोच नसतो. पण रात्री अभ्यासिकेत दिवा मालवण्यापूर्वी आमची पाटी तपासणारा माणूस त्या पैशांतून आलेला नव्हता. तो या विद्यालयाने दिला. पुढच्या पिढीला दोन्ही मिळावे, एवढ्यासाठी निधीची पहिली बैठक वर्षावास संपण्यापूर्वी विद्यालयाच्या सभागृहात घेण्याचे आम्ही ठरविले आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी यावे, ज्यांना शक्य नाही त्यांनी आपल्या तुकडीतील एकाला तरी पाठवावे.

जय भीम! नमो बुद्धाय!